क्रमांक बावीसची हजेरी

लातूर, दि. ७ डिसेंबर २००३, रविवार

आदरणीय बिराजदार सर,

सविनय नमस्कार.

आपल्याला पत्र लिहिण्याचा मला अधिकार उरलेला नाही, हे मी जाणते. तरीही लिहीत आहे, त्याबद्दल प्रथम क्षमा मागते. जिच्या एका वाक्यामुळे आपली बदली नायगाव तालुक्यातील शाखेत झाली, तिचे अक्षर पाकिटावर पाहून आपण ते न उघडताच बाजूला ठेवाल, अशी मला भीती आहे. म्हणून पत्ता खोलीतील मैत्रिणीच्या हातून लिहून घेण्याचे ठरवले आहे. आपला पत्ता शाळेचे लेखनिक माणिकप्पा यांनी दिला. देताना ते म्हणाले, "आता आठवण आली का ग सरांची?" मी पत्ता वहीत उतरवून घेतला.

मी बुद्धप्रिया ग्यानोबा सोनकांबळे, दोन वर्षांपूर्वीची दहावी 'अ'. सध्या लातूर येथे बारावी विज्ञान शाखेत आहे. पहाटे साडेपाचला भौतिकशास्त्राचा वर्ग असतो, त्यानंतर महाविद्यालय, त्यानंतर पुन्हा वर्ग, आणि रविवारी सकाळी चाचणी. एका सभागृहात आम्ही तीनशे मुले बसतो. मराठी माध्यमातून आल्यामुळे पहिले चार महिने मी प्रत्येक पानाशेजारी शब्दकोश ठेवून अभ्यास केला. आता अडचण येत नाही. चाचणीत माझा क्रमांक बहुधा पहिल्या दहांत असतो. हे मी प्रौढीने लिहीत नाही. माझी स्मरणशक्ती अजून शाबूत आहे, एवढे आपल्याला कळावे म्हणून लिहिते. पत्राचा विषय तोच आहे.

दहावीच्या वर्षी झालेल्या शिबिराच्या चौकशीत संस्थेच्या समितीने मला एकच प्रश्न विचारला होता : लेण्यातून बाहेर आल्यावर बिराजदार सरांनी हजेरी घेतली होती काय? मी लिहिले : 'हजेरी घेतल्याचे मला आठवत नाही.' खाली सही केली.

सर, मला आठवत होते.

हे वाक्य दुसऱ्या कोणी लिहिले असते, तर समितीने आणखी चार मुलांना विचारले असते. परंतु मुख्याध्यापक समितीला म्हणाले, "ह्या पोरीला पुस्तकाची पानंच्या पानं पाठ असतेत. हिला आठवत न्हाई म्हणजे ते झालंच न्हाई. बाकीच्यांची परीक्षा जवळ आलीय, कशाला त्रास देता?" आणि फाइल बंद झाली. घरी आईने तेवढे विचारले, "तुला समदं ध्यानात ऱ्हातंय, मग येवढंच कसं गं इसरलीस?" मी तिला म्हणाले की त्या वेळी गोंधळ होता.

गोंधळ नव्हता.

मेसची घंटा झाली आहे. उरलेले पुढील रविवारी लिहीन.

लातूर, दि. २१ डिसेंबर २००३, रविवार

मागील रविवारी लिहू शकले नाही. वेळ होता, लिहवले नाही.

वर लिहिलेले आज पुन्हा वाचले. त्यात सारा दोष मी एका वाक्यावर ढकलला आहे, जणू त्या वाक्याआधी माझ्याकडून काही घडलेच नाही. म्हणून शिबिर जसे झाले, तसे क्रमाने लिहिते. आपण तेथे होता. आपल्याला हे सारे माहीत आहे. एक गोष्ट कदाचित माहीत नसेल.

मोरबेट डोंगराच्या पायथ्याशी वनविभागाचे ते लहानसे उद्यान. त्यात आम्ही एकतीस जण, तीन दिवस. तंबू म्हणजे भूकंपाच्या मदतीत आलेल्या निळ्या ताडपत्र्या. पहिल्याच संध्याकाळी वर्गप्रमुख आदर्श आपल्याला म्हणाला होता, "सर, आमचं बालपण ह्याच ताडपत्रीखाली गेलं की. सहलीला तरी दुसरं काय तरी दाखवा." आपण म्हणाला होता, "बालपण गेलं म्हणं! आधी मिसरूड फुटू दे." मुले कितीतरी वेळ हसत होती.

शिबिर आपण कशासाठी काढले, हे आपण पत्रकात लिहिले नव्हते. पुनर्वसनात सिमेंटची घरे मिळून इतकी वर्षे झाली, तरी आमच्या वर्गातील निम्मी मुले थंडीतही अंगणात निजत होती. छताखाली झोप येत नव्हती. मीही त्यांपैकी एक होते. रविवार, २३ डिसेंबर रोजी दुपारी आपण आम्हाला लेण्यांपुढच्या अंगणात उभे केले आणि म्हणालात, "आपली घरं का पडली? दगडावर दगड रचून मधी माती भरली व्हती म्हणून. रचलेलं पडतं. हे रचलेलं न्हाई, कोरलेलं हाय. एकच दगड. हात लावून बघा, मग आत चला." आम्ही एकेकाने हात लावला. दगड उन्हाने तापलेला होता.

लेणी दाखवणारे चौकीदार गुरुबसप्पा आपल्याला आठवत असतील. भूकंपानंतरच्या शेडच्या पत्र्याचा एक चकचकीत तुकडा दारात तिरपा धरून ते ऊन आत पाडत, आणि मूर्तीचा जो भाग उजळेल तेवढ्याचीच माहिती सांगत. "बर्री, बर्री, या आत. डोकं सांभाळा. डोकं फुटलं तर सरकार दुसरं देत न्हाई." पहिली दोन लेणी सर्वांनी पाहिली. तिसऱ्याचे दार बुटके. वाकून आत गेले की मंडप, मंडपाच्या बाजूंना एक माणूस जेमतेम बसेल अशा कोठड्या, आणि मागे आणखी एक दालन. बाहेर वनविभागाने बसवलेला जाळीचा दरवाजा.

माझ्या पुढे रुखसार होती, जहांगीरचाचांची रुखसार. त्र्याण्णव साली ती नऊ तास मातीखाली होती, हे आपल्याला माझ्याहून अधिक माहीत आहे. तिला बाहेर काढणाऱ्यांत आपण होता. मंडपात ती थांबली आणि म्हणाली, "मी म्होरं येत न्हाई. तू जा. अन् अम्मीला सांगू नको, मी भ्याले म्हणून." मी पुढे गेले. परत येताना ती दिसली नाही. ती तंबूकडे उतरली असेल, असे मी धरून चालले. शोधले नाही.

बाहेर अंगणात आपण हजेरी घेतली. पाच वाजून दहा मिनिटे झाली होती. माझ्या मनगटावर आदर्शचे घड्याळ होते, कारण त्याला झाडावर चढायचे होते. ऊन कमी झाले होते आणि आपण यादी डोळ्यांजवळ धरली होती. आपण 'बावीस' म्हणालात. कोणी बोलले नाही. आपण पुन्हा 'बावीस' म्हणालात.

मी 'हजर' म्हणाले.

मग आपण 'तेवीस' म्हणालात, आणि मी पुन्हा 'हजर' म्हणाले.

एकतीसपर्यंत हजेरी पूर्ण झाली. गुरुबसप्पांनी विचारले, "समदी आली न्हवं?" आपण म्हणालात, "एकतीस. लावा कुलूप." त्यांनी जाळीला कुलूप लावले आणि आम्ही खाली उतरलो.

सात वाजता खिचडी वाढताना एक ताट उरले.

यापुढचे लिहीत नाही. आपणच कंदील घेऊन सर्वांच्या पुढे धावला होता. ती कोठडीत बसलेली होती आणि तिचे दोन्ही तळहात वरच्या दगडाला टेकलेले होते, जणू तिनेच तो तोलून धरला होता. खाली आणल्यावरही तिचे हात लवकर खाली येईनात.

दुसऱ्या दिवशी जहांगीरचाचा जीप घेऊन आले आणि तिला घेऊन गेले. ती पुन्हा शाळेत आली नाही. चाचांनी तक्रार केली नाही. गावातल्या इतरांनी केली. समितीपुढे आपण सांगितले की हजेरी घेतली होती व एकतीस उत्तरे आली होती. हजेरी झाली होती, असे मी लिहिले असते, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता : मग बावीसचे उत्तर कोणी दिले? तो प्रश्न येऊ नये, म्हणून मी सबंध हजेरीच पुसून टाकली.

परीक्षा दोन महिन्यांवर होती. मला गुणवत्ता यादीत यायचे होते. मी आले. सत्काराच्या भाषणात मी अकरा जणांचे आभार मानले. आपले नाव त्यांत नव्हते.

लातूर, दि. ४ जानेवारी २००४, रविवार

सर, काल रुखसार भेटली.

आमच्या वर्गांच्या गल्लीत झेरॉक्सची रांगेने चौदा दुकाने आहेत. रसायनशास्त्राच्या नोट्सच्या प्रती काढायच्या होत्या. नेहमीच्या दुकानात गर्दी होती म्हणून मी शेवटच्या दुकानात गेले. आत एक मुलगी मान खाली घालून पानांना टाचण्या मारत होती.

"किती प्रती?" तिने वर न पाहता विचारले.

"दोन."

तिने वर पाहिले. "अगं बया! मेरिट!"

तिने माझ्या हातातील कागद ओढून घेतले. "उलटी नको ठिवू, मशीन खातंय. हमजाभाईचं दुकान हाय हे. मी दिवाळीपास्नं हितंच हाय. तू बारावीला का?"

"हो."

"मी बी दहावी दिली औंदा. सतरा नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून. सत्तावन टक्के. पेढे न्हाई वाटले, तुझ्या टक्क्यांना लाज वाटंल म्हणून."

ती हसली. रुखसार हसते आहे, हे पाहून मला बरे वाटायला हवे होते. मी विचारले, "रुखसार, तुला ते लेणं आठवतं का?"

"मला इचारती व्हय?" तिने यंत्राचे झाकण आपटले. "आठवत न्हाई, असं लिहून तू दिलंस ना!"

दुकानात आणखी दोन मुले होती. ती गेल्यावर रुखसारने मला आत स्टुलावर बसवले आणि काम चालू ठेवत, माझ्याकडे न पाहता जे सांगितले, ते तिच्याच शब्दांत लिहिते.

"मी आतच व्हते गं. गुरुबसप्पाने पत्रा खाली घेतला अन् उजेड गेला, तशे माझे पायच गेले. कोठडीत बसले. सर हजेरी घ्याया लागले, ते समदं आयकू येत व्हतं. माझा नंबर आला. तोंड उघडलं तर आवाज निघंना. सर दुसऱ्यांदा म्हनले. मी पुन्यांदा तोंड उघडलं, अन् तेवढ्यात तू म्हनलीस, हजर. तुझा आवाज मला कळंना व्हय? मग मला वाटलं, चला, आपण भायेर हाव. आपलं नाव लागलं. अन् मी गप बसले."

मी म्हणाले, "मग तू कोणाला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? शेडातली सवय ती. तू हजर म्हनली नसतीस, तर मी तुझ्याशी जन्मभर बोलले नसते." मग तिने माझ्या प्रती जुळवल्या. "पन सरांचं वंगाळ झालं. त्यांनी वर अर्ज केलाय, समिती पुन्हा बसनार हाय. एकोणीस तारखंला. अब्बाला बी कागद आलाय. ह्या खेपेला न्हाई जमलं तर नोकरीच जाती, म्हनतेत. अब्बा सरांकडून बोलायला जानार. पन अब्बा काय सांगनार? त्ये तिथं नव्हतेच. तिथं कोन व्हतं?"

मी स्टुलावरून उठले.

"घे तुझ्या प्रती," ती म्हणाली. "अन् येत जा. रडत मातुर येऊ नको, कागद भिजतेत."

लातूर, दि. ११ जानेवारी २००४, रविवार

आज चाचणीला बसले नाही. दीड वर्षात प्रथमच.

रुखसार ज्याला शेडातली सवय म्हणाली, ती आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही; ती आपणच आम्हाला लावली होती. परंतु हे पत्र मी समितीलाही दाखवणार आहे, आणि समितीतील कोणी शेडमध्ये राहिलेले नाही. म्हणून लिहिते.

भूकंपानंतरच्या पहिल्या आठवड्यात रोज सकाळी शेडसमोर याद्या वाचल्या जात. आपण नावे पुकारत होता आणि शेजारी तलाठी दोन कागद घेऊन बसत. उत्तर आले की नाव एका कागदावर, न आले की दुसऱ्यावर. आमच्याच शेडमधली सिंधु एकदा पाणी आणायला गेली होती. तिचे नाव दुसऱ्या कागदावर गेले आणि ती वारल्याचा निरोप तिच्या मावशीला सोलापूरला पोहोचला. मावशी रडत आली, तेव्हा सिंधु शेडमध्ये भात खात होती. त्या दिवशी आपण सर्वांना एकत्र करून सांगितले, "जो जवळ आसंल त्यानं हजर म्हणायचं. कुणाचं नाव रिकामं जाऊ द्यायचं न्हाई." तेव्हापासून आम्ही कोणाचेच नाव रिकामे जाऊ दिले नाही. पुढे शाळेची इमारत झाल्यावर आपण कितीदा बजावले : "आता शेड संपलं. ज्याचं त्यानं बोलायचं." आम्ही ऐकत होतो, परंतु नावानंतर शांतता पसरली की आमच्यापैकी कोणाचे तरी तोंड आपोआप उघडत असे.

मी सात वर्षांची होते. त्या सूचनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आपण 'ग्यानोबा सोनकांबळे' असे पुकारले. मी 'हजर' म्हणाले. आपण यादीवरून मान वर केली. मी पुन्हा 'हजर' म्हणाले. तलाठ्यांनी बाबांचे नाव पहिल्या कागदावर लिहिले आणि आपण पुढचे नाव घेतले. मला आपण काहीच बोलला नाहीत. त्यानंतर दोन दिवसांनी बाबा ढिगाऱ्याखाली सापडले, तेव्हा आपण स्वतः तलाठ्यांकडून ते नाव खोडून घेतले आणि आमच्या शेडच्या दाराशी येऊन आईजवळ बराच वेळ बसलात. ते दोन दिवस बाबा यादीत हजर होते. तो अपराध होता की नव्हता, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

शिबिरातला मात्र अपराध होता, आणि तो 'हजर' म्हणण्यात संपत नाही. मी हजर म्हणाले, त्यात सवय होती. आठवत नाही असे लिहिले, त्यात सवय नव्हती. ते मी विचार करून लिहिले, आधी कच्च्या कागदावर लिहून पाहिले आणि मग शाईने उतरवले.

आणखी एक गोष्ट लिहायची आहे. जहांगीरचाचांना संस्थेकडून जुन्या कागदांच्या प्रती आल्या आहेत. रुखसारने आपला जबाब मला वाचायला दिला. समितीने विचारले होते, बावीस क्रमांकाचे उत्तर कोणी दिले? आपण लिहिले आहे : 'ते मी सांगणार नाही.' सर, म्हणजे माझा आवाज आपण ओळखला होता. त्याच अंगणात, त्याच क्षणी नसेल. पण ताट उरले तेव्हा तरी नक्कीच. आपण एक शब्द लिहिला असता, तर बदली झाली नसती. परीक्षा दोन महिन्यांवर होती, ती माझी. दोन वर्षे आपण नायगावकडे त्या शब्दासाठी राहिलात.

याबद्दल आभार मानणे मला शोभणार नाही. मी समितीला देत असलेले निवेदन येथे उतरवते.

'मी, बुद्धप्रिया ग्यानोबा सोनकांबळे, असे लिहून देते की दि. २३ डिसेंबर २००१ रोजी सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी श्री. मन्मथ बिराजदार सर यांनी तिसऱ्या लेण्यासमोर हजेरी घेतली. ती पूर्ण व नियमाप्रमाणे घेतली. बावीस क्रमांक त्यांनी दोन वेळा पुकारला. क्रमांक बावीस त्या वेळी लेण्यात होती. तिच्या वतीने उत्तर मी दिले. ते उत्तर खोटे होते, म्हणून कुलूप लागले. माझे पूर्वीचे निवेदनही खोटे होते. मला सर्व आठवत होते व आजही आठवते.'

हे निवेदन रजिस्टर पोस्टाने पाठवत आहे. तरीही कागद फाइलमध्ये मागे राहू शकतो, म्हणून एकोणीस तारखेला मी स्वतः येणार आहे. त्या दिवशी येथे पूर्वपरीक्षेचा पहिला पेपर आहे. वर्गाच्या सरांना तसे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "वेड लागलंय का तुला? तुझ्यासारख्या मुलीनं पेपर सोडायचा? लेखी पाठवून दे, काम होईल." मी म्हणाले, मागच्या वेळी कागदानेच काम झाले होते. त्यांना ते समजले नाही. मीही समजावले नाही. आईला फोन करून सारे सांगितले. ती म्हणाली, "ये. मी बी येते संगं. सरांना तोंड दावून मला बी दोन वर्सं झाली."

चार माणसांपुढे बोलताना माझा आवाज अजूनही जातो, हे आपल्याला माहीत आहे. सातवीत वक्तृत्व स्पर्धेत मी पहिल्या वाक्यानंतर उभीच राहिले होते, आणि आपण टाळ्या वाजवून मला खाली बसवले होते. या वेळी कृपया टाळ्या वाजवू नयेत, आणि माझ्या वतीने बोलूही नये. समिती माझे नाव पुकारील. उत्तर यायला वेळ लागला, तरी कोणी हजर म्हणू नये, असे मी आईला आणि जहांगीरचाचांना सांगून ठेवले आहे. रुखसारला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "मी न्हाई म्हननार जा. पन लई येळ लावू नको."

लातूर, दि. १२ जानेवारी २००४, सोमवार

दोन पाकिटे केली आहेत. एक समितीला, एक आपल्याला. मैत्रीण पत्ता लिहायला तयार होती. मी नको म्हणाले. दोन्हींवर माझेच अक्षर आहे. हे अक्षर शेडमध्ये पाटीवर आपणच वळणावर आणले होते, तेव्हा आपण ते ओळखालच. पाकीट उघडावे की नाही, हे आपण ठरवावे.

आपली विद्यार्थिनी,
बुद्धप्रिया ग्यानोबा सोनकांबळे
(क्रमांक तेवीस)

लेखनस्थळ : मुख्य टपाल कार्यालय, लातूर. सोमवार, दि. १२ जानेवारी २००४, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटे.